अवतरण बंद नाही

रुक्मिणी घाडी वाचनालयात गेली की पुस्तकाचं नाव बघत नाही आणि लेखकाचं तर नाहीच नाही. पुस्तक मधूनच उघडायचं आणि पान हातभर लांब धरायचं, ही तिची परीक्षा. पानावर लांड्या-तोकड्या ओळी दिसल्या, म्हणजे माणसं एकमेकांशी बोलताहेत असं दिसलं, की पुस्तक पिशवीत. पान काठोकाठ भरलेलं असलं की पुस्तक परत कपाटात. "हे नको गं, ह्यात सगळं तो लेखकच बोलतो," असं ती वाचनालय सांभाळणाऱ्या दीप्तीला तोंडावर सांगते. दीप्ती मराठी घेऊन एम.ए. झालेली आहे. तिनं सुरुवातीला रुक्मिणीला थोरामोठ्यांची पुस्तकं देऊन बघितली, मग नाद सोडला.

वर्णनांवर रुक्मिणीचा राग आहे असं नाही. पण तिचा जन्म देवगड तालुक्यातला. समुद्र, डोंगर, मावळता सूर्य हे सगळं तिनं लहानपणी फुकटात आणि भरपूर पाहिलेलं. ते पुन्हा वाचायला वर्गणी कशाला भरायची? माणसं काय बोलतात, कुठे अडतात, एक बोलायचं असताना दुसरंच कसं बोलून जातात, हे मात्र तिला कितीही वाचलं तरी पुरत नाही. त्यातून हल्लीच्या प्रेमाच्या कादंबऱ्या म्हणजे तिचा जीव की प्राण. त्यांतली मुलं-मुली हॉटेलात बोलतात, लिफ्टमध्ये बोलतात, भांडण झालं की आणखी तासभर बोलतात. घाटकोपरच्या भटवाडीत, डोंगराच्या चढावर तिची चाळ आहे. तिथल्या बायका तिला चिडवतात, "रुक्मिणीवहिनी, ह्या वयात लव्हस्टोरी?" ती म्हणते, "ह्याच वयात. त्या वयात वेळ कुठे होता?"

त्या वयात तिला खरोखरच मान वर करायला फुरसत नव्हती. लग्न होऊन ती भटवाडीत आली ती विशीत. मुलगी जान्हवी शाळेत जायला लागल्यावर ती गल्लीतल्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. मुलांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, रडणाऱ्याला कडेवर घेऊन दाराशी उभं राहायचं. बालवाडीतली पोरं म्हणजे जन्माची बोलघेवडी. कोणाच्या घरी काल काय झालं, कोणाचे बाबा कोणाला काय म्हणाले, सगळं न विचारता सांगायची. तिथे रुक्मिणीचे कान तृप्त व्हायचे. वय झालं, काम सुटलं, तेव्हा तिला त्या कलकलाटाची उणीव फार भासली. मग ती वाचनालयाची पायरी चढली.

कारण घरात बोलणारं कोणी नव्हतं. काशीराम होता, म्हणजे तिचा नवरा. माणूस सोन्यासारखा. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही, पानात पडेल ते गुपचूप खाणार. पण बोलणं म्हणाल तर तोंडात मिठाची गुळणी. त्याला कारण त्याचं काम. साकीनाक्याच्या एका छापखान्यात तो कॉपी-होल्डर होता. मुद्रितशोधक छापलेला कागद तपासत असतो, तेव्हा त्याच्या शेजारी बसून मूळ मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा, हे कॉपी-होल्डरचं काम. अक्षर न् अक्षर वाचायचं, तेही खुणांसकट. स्वल्पविरामाला 'स्वल्प', पूर्णविरामाला 'पूर्ण', प्रश्नचिन्हाला 'प्रश्न'. कोणी बोलत असेल तर आधी 'अवतरण' आणि बोलणं संपलं की 'बंद'. तिथे छापायची औषधांच्या खोक्यांतली पत्रकं आणि कंपन्यांचे अहवाल. त्यात जीव ओतण्यासारखं काही नसायचं, आणि ओतायचाही नसतो, कारण मन मजकुराच्या अर्थामध्ये गुंतलं की डोळा चूक सोडून देतो. दिवसभर दुसऱ्याचे शब्द बोलून घरी आलेल्या माणसाकडे स्वतःचे फारसे उरत नसत. पुढे संगणक आले, ते काम गेलं, त्याला पार्सलं बांधायला बसवलं, मग तो निवृत्त झाला. घरातलं त्याचं बोलणं मात्र तसंच राहिलं, अर्ध्यावर सुटणारं. 'बघू…', 'ते आपलं…', 'होईल काहीतरी…'. रुक्मिणी जान्हवीला म्हणायची, "तुझ्या बाबांनी सगळे पूर्णविराम छापखान्यात खर्चून टाकले. घरासाठी नुसती टिंबं आणली."

यंदा गणपतीला गावी गेल्यावर त्यानं एक वाक्य पुरं केलं, आणि नेमकं तेच रुक्मिणीच्या घशात अडकलं. त्याचा मोठा भाऊ भाऊराव यानं घराच्या बाजूला दोन नव्या खोल्या बांधल्या होत्या. आरती झाल्यावर, चार माणसांत, काशीराम म्हणाला, "दिवाळी झाली की आमी दोघांय येतंव. कायमची." माणसांनी माना डोलावल्या. रुक्मिणी तेव्हा प्रसाद वाटत होती. तिला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तीही काही बोलली नाही. चार माणसांत नवऱ्याला कसं अडवायचं, म्हणून गप्प बसली. मुंबईला परत आल्यावर चार माणसं नव्हती, तरी गप्पच बसली.

काशीरामाचं काही चुकत होतं असंही नाही. त्याचे वडील गिरणीत होते. 'रिटायर झालंय की गावाक' असं म्हणत म्हणत ते भटवाडीतच गेले. ते शल्य काशीरामाच्या मनात घर करून बसलं होतं. पण रुक्मिणीच्या मनाचं काय? गावाला गेली की एकसष्टाव्या वर्षी ती पुन्हा घाड्यांची धाकटी सून होणार. मोठ्या जाऊबाई स्वभावानं चांगल्या, पण कुठल्या डब्यात काय ठेवायचं ते त्याच सांगणार. इथे ती चढ उतरून बाजारात गेली की बालवाडीतून गेलेले, आता मिशा फुटलेले पोरगे "बाई, बऱ्या आहात ना?" म्हणून गाडी थांबवतात. जान्हवी बोरिवलीला आहे, बोलावलं की दुपारपर्यंत दारात. हे सगळं नवऱ्याला कुठल्या शब्दांत सांगायचं? कादंबरीतल्या मुलींना बरोबर शब्द सापडतात. रुक्मिणीला सापडत नव्हते, आणि दिवाळी जवळ येत होती.

अशात तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि झालंही. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर महिन्यानं काढू, तोवर वाचायला बसू नका. दुष्काळात तेरावा महिना. आदल्याच दिवशी जान्हवीनं नवीकोरी कादंबरी आणून दिली होती. मुखपृष्ठावर चहाचे दोन कप आणि एकच खारी. रुक्मिणीनं मधलं पान लांब धरून बघितलं होतं. वरपासून खालपर्यंत नुसती बोलणी! आता काळा चष्मा लावून ती ते पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि मोठ्यानं सुस्कारे सोडायची. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या सुस्काऱ्याला काशीरामानं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"आण इकडे," तो म्हणाला.

चहा झाला होता, चार वाजत आले होते. काशीरामानं पुस्तक डोळ्यांसमोर ताठ धरलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली.

"अवतरण. तू नेहमी एवढ्या उशिरा बेकरी बंद करतोस, प्रश्न. बंद. अवतरण. नाही, पूर्ण. आज कोणीतरी शेवटची खारी संपवत नाहीये, स्वल्प, म्हणून थांबलोय, पूर्ण. बंद."

रुक्मिणी हसायला लागली ती थांबेचना. शेवटी डोळ्याला ताण नको म्हणून तिनं तोंडावर पदर दाबून धरला.

"अहो, हे काय लावलंय? प्रेम करताहेत ते!"

"करूंदेत. मी वाचतोय."

"मग ते पूर्ण, बंद, कशाला वाचता?"

"छापलंय ना? छापलेलं सगळं वाचायचं. आपल्या मनानं गाळायचं नाही."

पहिली दुपार तशीच गेली. पण त्या वाचण्यात कोण कधी बोलतंय हे रुक्मिणीला समजेना, तेव्हा काशीरामानं तिला नियम सांगितला. त्याच्या परीनं ते मोठंच भाषण होतं. "अवतरण बंद झालं की समजायचं, माणूस बदलला. बंद न होता खालच्या ओळीला पुन्हा उघडलं, तर समजायचं, तोच माणूस पुढे बोलतोय. साधं आहे."

"तुमचं साधं तुमच्यापाशी ठेवा," रुक्मिणी म्हणाली. "खुणा गाळा आणि माणसासारखं वाचा. कोण बोलतंय ते मी ओळखीन."

"चुकलं तर माझ्यावर आळ नको."

तसं चुकायचं फारसं कारण नव्हतं. मराठीत माणूस तोंड उघडतो तोच ओळख सांगत. तो म्हणणार 'येतो', ती म्हणणार 'येते'. शिवाय ह्या कादंबरीतली दोघं एकमेकांना रे आणि गं म्हटल्याशिवाय श्वास घेत नसत. मुलुंडला बेकरी चालवणारा यज्ञेश आणि समोरच्या दवाखान्यात पेशंटांकडून व्यायाम करून घेणारी शर्मिष्ठा. रोज संध्याकाळी दोघं बेकरीच्या पायरीवर बसायची आणि बोलायची. तू लहानपणी कशाला घाबरायचास, तुला एकटीला जेवायला आवडतं का, काल फोनवर तुझा आवाज असा का होता. किती विचारायची एकमेकांना! रुक्मिणी ऐकता ऐकता हरखून जायची. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, आपल्याला कशाची भीती वाटते हे आपल्याला अजून कोणी विचारलेलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला वाईट वाटलं. मग, आपण तरी यांना कुठे विचारलंय, हेही ध्यानात आलं, आणि जास्तच वाईट वाटलं.

"ह्यात काही घडतच नाही," काशीराम कुरकुरला. "नुसती वटवट."

"तेच घडणं," रुक्मिणी म्हणाली. "वाचा तुम्ही."

पण चार-पाच दिवसांत एक गंमत झाली. रुक्मिणी केस विंचरून बाहेर आली, तर काशीराम खिडकीशी बसून ओठ हलवत पुस्तक वाचत होता. तिची चाहूल लागताच त्यानं ते वर्तमानपत्राखाली सरकवलं. त्या दुपारी वाचताना यज्ञेश काहीतरी गमतीचं बोलणार होता. तो बोलण्याआधीच काशीरामाला हसू फुटलं.

"पुढे वाचलंत ना?"

"थोडं…"

"अहो, हा विश्वासघात आहे!"

"पाच पानं फक्त. ती रागावून गेली होती. परत येते की नाही ते…" काशीराम खरोखरच ओशाळला. "येते," तो हळूच म्हणाला.

त्यानंतर शर्मिष्ठेचं बोलणं आलं की त्याचा आवाज जरा खाली यायला लागला. मऊ वाचणं जमणार नाही असं तो म्हणाला असता, पण ते आपोआप होत होतं आणि त्याला ठाऊकही नव्हतं. एकदा तर पुस्तक मिटल्यावर त्यानं विचारलं, "चहा ठेवू तुला?" रुक्मिणीनं काळ्या चष्म्याआडून त्याच्याकडे दोनदा बघितलं. चहात साखर फार झाली होती, पण तिनं कप रिकामा केला.

कादंबरी शेवटाकडे आली तसा तिढा पडला. यज्ञेशला दुबईच्या हॉटेलात नोकरी मिळाली, शर्मिष्ठेला नागपूरच्या इस्पितळात. दोघांची निघायची वेळ एकाच दिवशी. दोघांनाही जायचं नव्हतं. पण तू थांब असं दुसऱ्यानं म्हणावं, किंवा मी थांबतो असं समोरच्यानंच आधी म्हणावं, म्हणून दोघं अडून बसलेली. बाकी सगळं बोलायची, एवढ्याच गोष्टीवर अळीमिळी गुपचिळी.

रुक्मिणी भडकली. "एवढी टकळी चालवतात, आणि कामाचं एक वाक्य बोलत नाहीत!"

"बोलतील…" काशीराम म्हणाला.

"तुम्ही बोलता का?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

आता सांगावं, असं तिला वाटलं. शब्द ओठांपर्यंत आलेही. "काही नाही," ती म्हणाली. "वाचा पुढे."

त्याच संध्याकाळी भाऊरावचा फोन आला. काशीरामाला कमी ऐकू येतं म्हणून तो फोन स्पीकरवर ठेवतो. भाऊराव सांगत होता, शाळेत नवे मास्तर आलेत, ते खोल्या भाड्यानं मागतायत. "तुमी येतास तर माका तेंका नाय म्हणूक व्हया. रयवारापर्यंत नक्की काय ता सांग." काशीराम नेहमीप्रमाणे 'होय होय, सांगतंय…' म्हणाला आणि फोन ठेवला. रुक्मिणीकडे बघितलं, पण विचारलं नाही. रुक्मिणी तांदूळ निवडायला बसली. असलं बारीक बघायला सध्या बंदी होती, आणि दिसतही काही नव्हतं.

रविवारी दुपारी शेवटची चार पानं उरली. काशीरामानं चहा बाजूला सारला आणि वाचायला घेतलं. दोघांच्या निघण्याच्या आदल्या रात्रीची बेकरी. शटर अर्धं ओढलेलं, दोघं पायरीवर. इथे मात्र लेखिकेनं रे आणि गं दोन्ही काढून टाकले होते, कोण म्हणालं तेही लिहिलं नव्हतं. काशीराम सावकाश एकेक ओळ वाचत गेला.

"विमान किती वाजता?"

"पहाटे. आणि बस?"

"दुपारी."

"म्हणजे उद्या ह्या वेळेला इथे कोणी नसेल."

"पायरी मात्र असेल."

"पायरीला काय, कोणीही बसेल."

"मग मी थांबेन."

काशीरामानं पान उलटलं. मागचं पान कोरं होतं. "संपली," तो म्हणाला.

"संपली कशी? कोण थांबलं?"

"लिहिलं नाही."

"अहो, पण 'थांबेन' कोण म्हणालं?"

प्रश्न तसा वाकडाच होता. 'थांबतो' नाही, 'थांबते' नाही. 'थांबेन' तोही म्हणतो आणि तीही म्हणते. अख्ख्या पुस्तकात एका वाक्यावर सगळं अडलेलं, आणि लेखिकेनं नेमकं तेच असं घडवलं होतं.

"यज्ञेश म्हणाला," रुक्मिणी ठामपणे म्हणाली.

"कशावरून?"

"मला वाटतं."

"वाटून कसं चालेल? ओळीला ओळ लाव." काशीरामानं बोटं पुढे केली. "विमानाचं विचारलं ती शर्मिष्ठा. पहाटे, तो. दुपारी, ती. कोणी नसेल, तो. पायरी असेल, ती. कोणीही बसेल, तो. मग मी थांबेन, ती." त्यानं शेवटचं बोट दुमडलं. "झालं. शेवटी पोरगीच आपलं सोडते. तसंच असतं…"

"तसंच का असतं?"

काशीरामानं दुमडलेलं बोट तसंच धरलं. रुक्मिणीचा आवाज चढला नव्हता, पण तो बदलला होता हे त्याला कळलं असावं. ती सरळ बसली. तिला रडू येत होतं आणि डोळ्याला पाणी लावायची मनाई होती, म्हणून तिनं ते गिळलं. एका पुस्तकातली पोरगी थांबली काय नि गेली काय, आपल्याला एवढं का लागावं, असं तिनं स्वतःला विचारून बघितलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली. "खुणांसकट."

"आता कशाला…"

"छापलेलं सगळं वाचायचं. तुमचंच म्हणणं ना?"

काशीरामानं पान मागे घेतलं. आवाज पुन्हा छापखान्यातला झाला, सपाट, एका सुरातला.

"अवतरण. विमान किती वाजता, प्रश्न. बंद."

"ही शर्मिष्ठा," रुक्मिणी म्हणाली.

"अवतरण. पहाटे, पूर्ण. आणि बस, प्रश्न. बंद."

"हा यज्ञेश."

"अवतरण. दुपारी, पूर्ण. बंद."

"शर्मिष्ठा."

"अवतरण. म्हणजे उद्या ह्या वेळेला इथे कोणी नसेल, पूर्ण."

आणि काशीराम थांबला. रुक्मिणीनं वाट बघितली. खाली गल्लीत कोणीतरी गॅसचं सिलिंडर गडगडवत नेत होतं. ते वळणापर्यंत गेलं तरी काशीरामाच्या तोंडून पुढचा शब्द येईना.

"काय झालं?"

त्यानं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. पुस्तक त्याच्या हातात होतं, धड डोळे त्याचे होते. नुसतं 'बंद' म्हणून तो पुढे गेला असता, तर रुक्मिणीला जन्मात कळलं नसतं. पण छापखान्यात इतकी वर्षं त्यानं छापलेलं कधी गाळलं नव्हतं, आणि नसलेलं कधी वाचलं नव्हतं.

"बंद नाय," तो म्हणाला.

"काय बंद नाही?"

"अवतरण. ह्या ओळीला बंद केलेलंच नाही. आणि खालच्या ओळीला पुन्हा उघडलंय. पायरी मात्र असेल, पूर्ण. बंद." त्यानं मान वर केली. "म्हणजे पायरीचंही यज्ञेशच बोलतोय. एका दमात नाही, जरा थांबून. मघाशी खुणा गाळल्या, म्हणून माझी मोजदाद एकानं चुकली."

"मग कोणीही बसेल असं म्हणाली ती शर्मिष्ठा."

"होय."

"आणि शेवटचं?"

"यज्ञेश," काशीराम म्हणाला. "तोच थांबला."

रुक्मिणीला आपलं खरं ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण तो लगेच मागे पडला, कारण काशीरामानं पुस्तक मिटलं नव्हतं. बोट त्या ओळीवर ठेवून तो बसून राहिला होता. मग त्यानं तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं, आणि विचारताना तो गावच्या बोलीत गेला, जसा एरवी गावच्या माणसांशी बोलताना जायचा.

"गावाक जावचा की नाय? तुका काय व्हया?"

शब्द सापडत नव्हते असं रुक्मिणीला वाटत होतं. विचारल्याबरोबर ते सगळे दाराशीच उभे होते.

"मला नाही जायचं," ती म्हणाली. "तिथे गेले की मी पुन्हा धाकटी सून. वहिनींच्या हाताखाली मी सुखानं राहीनसुद्धा, पण आता नको वाटतं. इथे खाली उतरले की मला माणसं 'बाई' म्हणून ओळखतात. जान्हवी आहे. मला जायची भीती वाटते, आणि तुम्ही एकटे गेलात तर त्याचीही वाटते. तुमच्या वडिलांचं मला ठाऊक आहे. तुमचं मन मोडवत नाही म्हणून गणपतीपासून गप्प आहे."

"तेव्हाच सांगितलं असतंस तर…"

"तेव्हाच विचारलं असतंत तर."

काशीरामानं पुस्तक मिटून चटईवर ठेवलं. तो उठला, गुडघ्यावर हात ठेवून जरा उभा राहिला आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. एरवी तो घरातच बसून बोलतो. रुक्मिणीनं कान दिला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण गल्लीच्या आवाजात तिला एवढंच ऐकू आलं, "दादा, मास्तरांका खोली दी." पुढे भाऊराव बराच वेळ बोलत असावा. मग काशीराम म्हणाला, "गणपतीक येतंव, शिमग्याक येतंव. पण कायमचा येवचा जमाचा नाय." आणि आणखी थोड्या वेळानं, "नाय, ती काय म्हणाली नाय. मीच म्हणतंय."

तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. वडिलांनी जन्मभर जी वाट बघितली, ती त्यानं चार वाक्यांत सोडून दिली होती, आणि ते काही हसतखेळत होण्यासारखं नव्हतं. आपल्याला हवं ते मिळालं तरी समोरच्याचं गेलेलं दिसतंच. रुक्मिणीनं त्याचा गार झालेला चहा पुन्हा गरम केला आणि त्याच्या हातात दिला. यावेळी तो तिच्या शेजारी, चटईवर बसला.

"काय सांगितलंत दादांना?" तिनं विचारलं. ऐकलं होतं तरी विचारलं.

"मी थांबेन म्हटलं."

"टिंबं?"

"पूर्णविराम," काशीराम म्हणाला.

रुक्मिणीनं चटईवरची कादंबरी उचलून कोनाड्यात ठेवली आणि त्याच्याकडे वळली.

"अवतरण बंद करू?"

काशीरामानं चहाचा घोट घेतला. गरम होता, तरी घेतला.

"नको," तो म्हणाला. "माका अजून बोलूचा आसा."